जांभळ्या उजेडातला बेडूक

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा तोंडातला चहा आधी गिळून घ्या. माझं लग्न एका दिव्यानं मोडलं. मोडलं तरी कसं म्हणू? जमलंच कुठं होतं!

मी अमरावतीत, राजापेठेत, बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. वय चौतीस. नकार किती आले ते आईला विचारा, तिनं माझ्यापायी सहा वर्षं सोमवार धरलेत. घरात ती, मी आणि काचेच्या पेटीत एक परदेशी हिरवा झाडबेडूक. रीतसर कागदपत्रांसह घेतलेला! पेटीत माती, शेवाळ, मनीप्लँट, दोन फर्न. सगळं खरंखुरं. आणि खऱ्या झाडांना उजेड लागतो.

आधी लावला शंभरचा पिवळा बल्ब. अमरावतीचा मे महिना, त्यात तो बल्ब! एका फर्नचा पापड झाला आणि बेडूक पाण्याच्या वाटीतून बाहेर येईना.

मग मी डोकं चालवलं. मास्तर ना मी! पान हिरवं दिसतं, म्हणजे हिरवा उजेड ते परत फेकतं. म्हणजे त्याला तो नकोच. द्या फक्त लाल आणि निळा! मागवला जांभळा दिवा, सगळ्यात जबर, आणि टांगला पानांच्या वर वीतभर. खोली अशी दिसायला लागली की आई हात जोडूनच आत यायची.

महिन्याभरानं अचलपूरच्या गजूमामांनी स्थळ आणलं. मुलगी स्नेहल, अकोल्याला नोकरीत. वडील तेल्हाऱ्याचे, भाजीपाल्याची शेती. आता बेडूक पाळणाऱ्याला मुलगी कोण देणार? म्हणून मामांनी त्यांना परस्पर सांगून टाकलं, "पोरगा मास्तर हाये, अन् घरी जनावर बी हाये."

रविवारी मंडळी आली. पोहे खाता खाता वडिलांनी विचारलं, "जनावरं किती हायेत तुमच्यापाशी?"

मला वाटलं, मामांनी सगळं खरं सांगितलंय. काय आनंद झाला म्हणून सांगू! "एकच हाये काका."

"बांधता कुठं?"

"माह्याच खोलीत. ऊन सोसत नाही त्याले."

"मंग जर्सी असन."

"नाही, ऑस्ट्रेलियाची जात हाये."

"अरे बापा! अन् चारा?"

"झुरळं. जिवंत."

वडिलांचा चमचा हवेतच राहिला. आईनं मामांकडे पाहिलं. मामांनी पंख्याकडे पाहिलं. मी सावरायला म्हणून बोललो, "बेडूकच हाये काका, लय गरीब हाये." आणखी बिघडलं!

पण स्नेहल खळखळून हसली. "मले दाखवा ना."

झालं, जमलं! असं मला वाटलं हो. तिला खोलीत नेलं, मागून सगळी वरात. जांभळ्या उजेडात काळीभोर पानं, कोपऱ्यात काळपट बेडूक. मी दहा मिनिटं व्याख्यान ठोकलं. लाल, निळा, हिरवा, वर माझा हिरवागार बेडूक, सगळं! वर काय म्हणालो, माहितीये?

"बँकेत हे काही लागत नसेल तुम्हाला. कॉमर्सवाल्यांना जरा जडच जातं."

"कोणती बँक?" ती म्हणाली. "मी केळीच्या टिश्यूकल्चरच्या लॅबमध्ये हाये. रोज हजारो रोपं लाईटखाली पाहतो आमी."

गजूमामा नुसतं "नोकरी" म्हणाले होते. बँक मी मनानंच लावली होती!

तिनं तो दिवा बंद केला आणि मोबाईलची टॉर्च लावली. पांढऱ्या उजेडात काय दिसलं? उरलेल्या फर्नची तंबाखू झालेली. मनीप्लँटच्या पानापानाला भाजल्याचे डाग. आणि महिनाभर ज्याला मी टवटवीत समजत होतो तो माझा हिरवा बेडूक मातीसारखा तपकिरी होऊन काचेला चिकटलेला.

"हिरवा म्हणाले होते ना तुमी?"

"होता," मी म्हणालो.

"जांभळ्यात पान जळलं तरी दिसत नाही, सर. अन् एवढ्या जवळून एवढा जबर दिवा? ह्या जिवाले बी त्रास होऊन रायला." ती हळू बोलली, म्हणून जास्त लागलं. अकरा वर्षं 'प्रकाश' हा धडा शिकवतोय मी! वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मयतीला ठेवतात तसा.

मंगळवारी मामांचा फोन. "नाही म्हणते पोरगी."

"बेडकापायी?"

"नाही बापा, बेडूक आवडला तिले. म्हणे, मास्तरले सांगजा, साधा पांढरा एलईडी लावजो, हातभर वर टांगजो, अन् पेटीत एक कोपरा अंधाराचा ठेवजो."

"अन् माह्याबद्दल?"

"म्हणे, बेडूक सुधरू शकते."