घोरणं थांबलं

दुपारचं जेवून जयराम मेस्त्री ओटीवर आडवा होतो. डोळा लागतो न लागतो तोच त्याला स्वतःचं घोरणं ऐकू येतं. मग कानांखाली, जबड्याच्या दोन्ही कोनांमागे बोटं येतात, जबडा अलगद पुढे उचलतात आणि घोरणं थांबतं.

"किती घोरता हो! वाडी उठेल."

गेल्या वर्षी वारलेली त्याची बायको, प्रमिला, उशाशी बसली आहे. तालुक्याच्या दवाखान्यात ती अपघात विभागाची नर्स होती. उभ्या संसारात तिने त्याचं घोरणं असंच थांबवलं, स्वतः झोपेतच.

"गो, काल मी तुझं काम केलं," तो म्हणतो.

"कळलं. पण तुमच्या तोंडून ऐकू दे."

ओटीवर आता आंब्याची झाडं आहेत. आंबे काढताना झाडावरून पडलेला अंकुश घाडी खाली उताणा आहे, बेशुद्ध, आणि मोठ्याने घोरतो आहे.

"त्याचा भाऊ बाबल्या म्हणाला, घोरतोय म्हणजे बरा आहे. मी म्हटलं, बरा कसला! जीभ मागे पडलीय, श्वास अडतोय. बाबल्या त्याचं डोकं उचलून पाणी पाजायला निघाला."

"अगबाई! मग?"

"तांब्या उडवला लाथेने."

प्रमिला पदर तोंडाला लावून हसते. मग एकदम नर्स होते. "मान मागे झुकवलीत?"

"केसभरही नाही. डोक्याशी गुडघे टेकले, कोपरं जमिनीला लावली, तळव्यांत डोकं धरलं. तुझी बोटं जिथे येतात तिथे माझी लावून नुसता जबडा पुढे काढला. घोरणं थांबलं गो! छाती भरून वर आली. गाडी येईपर्यंत सोडला नाही. डॉक्टरांनी घशात नळी घातली, तेव्हाही एकाने डोकं तसंच धरून ठेवलं होतं."

"मग तोंड का असं उतरलेलं?"

"हातपाय हलतात का, ते अजून कुणी सांगितलं नाही. माझ्या हातून मानेला धक्का लागला असेल तर?"

बाग नाही, दवाखान्याचा वॉर्ड आहे. खाटेवर गळ्याला पट्टा बांधलेला अंकुश. प्रमिला त्याच्या तळपायावरून किल्ली ओढते. "अंकुशभाऊ, चला, पाय हलवा बघू."

अंगठा हलतो. मग सगळा पाय.

"त्याची मान राखलीत," ती जयरामकडे वळून म्हणते, "आणि माझा मानही."

तो तिचा पदर धरतो. "थांब ना जरा. तू गेल्यापासून मी कुशीवर झोपतो. उताणा झोपलो तर घोरणं थांबवणार कोण?"

"आज झोपलात की उताणे," ती म्हणते आणि हात पुढे करते.

"मेस्त्रीकाका! ओ मेस्त्रीकाका!"

अंगणातून बाबल्या धावत येतो आहे. जयराम उठून बसतो.

"नळी काढली काका! दोन्ही हात हलवतो, दोन्ही पाय हलवतो, आणि शुद्धीवर आल्या आल्या मला शिव्या घातल्या, पाण्याचा तांब्या कुठे आहे म्हणून!"

जयराम एवढ्या मोठ्याने हसतो की गोठ्यातली गाय वळून बघते.

बाबल्या जवळ येऊन थबकतो. "काका, कानांखाली हे पांढरं काय? लाकडाचा भुसा?"

जयराम बोटं लावून बघतो. दोन्हीकडे सारखे ठसे, कातडी अजून दबलेली. बोटांना पावडर लागते. तिच्या रबरी हातमोज्यांत असायची तशी, गुळगुळीत.

बाबल्या पुसायला टॉवेल पुढे करतो.

"राहू दे रे," जयराम म्हणतो. "चल, अंकुशला बघून येऊ."