तुळशीदासचा झेंडा आणि पेंडीची जाहिरात

आळे गावाच्या आसपास कुठंही बैलगाड्याची शर्यत असली की झेंड्याला तुळशीदास लागतो. गाडे पळतात त्या चढणीला घाट म्हणतात. वाटेत माणूस नाही, कुत्रं नाही, अशी खात्री झाली की तुळशीदास झेंडा उचलतो आणि गाडा सुटतो. छत्तीस वर्षांत त्याच्या झेंड्यावर सुटलेल्या गाड्याखाली कुणी आलं नाही, की कुणाची बारी, म्हणजे घाटातली धाव, बाद झाली नाही. तो एवढाच मान मिरवतो.

यंदा शर्यत एका चॅनेलवर थेट दिसणार होती. खर्च एका पेंडवाल्याचा. चॅनेलची वृषाली कानाला यंत्र लावून सकाळीच हजर झाली.

"काका, मी अंगठा दाखवला की मगच झेंडा. जाहिरात चालू असताना नको."

"किती येळ चालती जाहिरात?"

"चाळीस सेकंद."

"पोरी, जुंपलेला बैल चाळीस सेकंद थांबत न्हाई. माणसं लोंबकाळत्यात त्याला."

पहिल्या जाहिरातीत दोघांची धोतरं फाटली. दुसरीत एक बैल पंचांच्या मंडपात जाऊन आला. तिसरी लागली तेव्हा रेघेवर गोकुळचा गाडा होता. चार बैल फुरफुरत होते, घाट स्वच्छ मोकळा होता. तुळशीदासचा हात सवयीनं वर गेला. गाडा अकरा सेकंदांत वर. दिवसातली सगळ्यांत वेगवान बारी! तेवढ्या वेळात घरोघरी मोबाईलवर एक म्हैस पेंड खात होती.

पेंडवाला धावत आला. "ही बारी बाद! परत पळवा."

"बैलांना तुमीच सांगा, राव," गोकुळ म्हणाला.

पंच घुटमळले. बक्षिसाची मोटरसायकल पेंडवाल्याचीच होती. तुळशीदासनं झेंडा गुंडाळून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"गोकुळची बारी बाद, तर माझा झेंडाबी बाद. दुसरा माणूस बघा."

"त्यात काय अवघड आहे? मी धरतो," पेंडवाला म्हणाला. इस्त्रीच्या शर्टात तो घाटात उतरला आणि कॅमेऱ्यात नीट दिसावं म्हणून बरोबर मधोमध उभा राहिला. अंगठा दिसताच त्यानं झेंडा उचलला. समोरून चार बैल आले. तो वरच्या दिशेला पळाला, म्हणजे गाड्याच्याच वाटेनं, आणि बाभळीत शिरला म्हणून वाचला. हे मात्र सगळं थेट दिसलं. तुळशीदासला घरून द्रौपदाचा, म्हणजे बायकोचा, फोन आला: "अवं, ह्यो झेंडेवाला लई पळतोय की! कुणाचा?"

पंच तुळशीदासला बोलवायला आले.

"गोकुळची बारी लिवली का?"

"लिहिली."

"वाचा."

पंचांनी भोंग्यावर वाचली. मगच त्यानं झेंडा हातात घेतला.

वृषाली त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. आता तीच त्याच्या हाताकडं बघत होती. तो हलला की ती कानातल्या यंत्रात ओरडायची, "तोडा, तोडा!" संध्याकाळपर्यंत म्हशीला एकदाही पेंड पुरी खाता आली नाही.