वळायला जागा

छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर त्या बाई मला एकदाच भेटल्या. सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्यावर नातवाची वाटावी अशी टोपी. नाव विचारायचं राहूनच गेलं.

माझा पहिला फटका नेहमी उजवीकडं, रस्त्याकडं वळायचा. आदल्या आठवड्यात चेंडू एका स्कूटरसमोर पडला होता. मागं बसलेल्या बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं. कुणाला लागलं नाही, पण माझी काठी उचलायची हिंमतच गेली. त्या सकाळी मी नुसताच उभा होतो.

बाईंनी त्यांची काठी माझ्या बुटांपुढं आडवी ठेवली. "बघा, पाय रस्त्याकडंच निघालेत. पाय अन् खांदे त्या डावीकडच्या कडुलिंबाकडं करा. काठीचं तोंड लिंब आणि भोकावरच्या झेंड्याच्या मधे ठेवा."

"पण चेंडू वळतोच हो."

"वळू द्या की. त्याला वळायला जागा ठेवून उभं राहायचं."

मी मारला. चेंडू लिंबाच्या अंगानं गेला, हळूच वळला आणि मैदानाच्या मधोमध पडला. रस्त्यावरून पिशवी घेतलेला एक माणूस मान वर न करता निघून गेला. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. छातीवरचं ओझं उतरलं होतं.

"आता सरका," बाई म्हणाल्या, "माझी पाळी हाय."