कोरा चेहरा

विद्यापीठातल्या माता-बाल आरोग्य विभागाच्या प्रमुख बाईंना विद्यार्थी पाठीमागे ‘भिंत’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांना तो गौरव वाटायचा, आणि त्यांच्या क्षेत्रात तो होताही.

घरोघरी जाऊन बाळंतिणींना प्रश्न विचारायचे, तर उत्तर ऐकून भुवई हलता कामा नये, असा त्यांचा दंडक. एखादीने सांगितलं, बाळाला पहिल्या दिवशी साखरपाणी पाजलं, आणि विचारणारीच्या कपाळावर आठी पडली, की ती आठी तिच्याआधी शेजारच्या घरी पोचते. मग सगळी गल्ली ‘फक्त अंगावरचं दूध’ म्हणू लागते आणि बाळं अहवालात गुटगुटीत होतात. म्हणून वर्गात बाई खुर्च्या समोरासमोर मांडत. एकीने वाट्टेल ते दुःख सांगायचं, दुसरीने ऐकून फक्त पुढचा प्रश्न विचारायचा. हळहळली की नापास. दुसरा दंडक असा, की दारातली बाई ‘कळवीन’ म्हणाली तर ते ‘नाही’ समजायचं. आग्रह करायचा नाही, आभार मानून निघायचं.

यात चूक काहीच नव्हतं. बाईंच्या आकड्यांवर सगळ्यांचा विश्वास असे, आणि त्या आकड्यांच्याच जोरावर लहानसहान दवाखान्यांत नवजात बाळांसाठी उबदार खोल्या आल्या. कितीतरी मुलं जगली. ती बाईंना ओळखत नाहीत, हा भाग वेगळा.

मागे एकदा बाई उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या आणि मुलीचा फोन आला.

“आई, बाळ गेलं गं. पोटातच.”

“कितवा आठवडा होता?” बाईंनी विचारलं.

 मुलीने आठवडा नीट सांगितला आणि फोन ठेवला.

“अगं, आधी ‘अरेरे’ तरी म्हणायचंस!” बाईंचे यजमान म्हणाले. ते निवृत्त चित्रकला-मास्तर.

“म्हणणारच होते. आधी माहिती नको का?”

“कोणाला?”

बाईंनी पुढची उत्तरपत्रिका ओढली.

तेव्हापासून मुलगी फोन करी, पण बोले ते हवापाण्याचं. यंदा जावयाच्या तोंडून निसटलं, की तिला सातवा महिना लागलाय. बाईंनी दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. शेवटी मास्तरांनी जेवणाच्या टेबलापाशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि आवाज बारीक केला. “आई, मला फार भीती वाटतेय गं.”

“घाबरू नकोस. तपासण्या वेळेवर केल्यास—”

“नापास,” मास्तर म्हणाले. “पुन्हा.”

संध्याकाळपर्यंत बाई ‘मागच्या वेळी माझं चुकलं’ इथवर आल्या. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेल्या.

मुलीने दार उघडलं. एक हात पोटावर. बाईंची नजर सवयीने पावलांवर सूज आहे का ते बघून आली. सूज नव्हती. तोंडातून प्रश्न मात्र एकही निघू दिला नाही.

“विचार की,” मुलगी म्हणाली. “जीव खालीवर होतोय तुझा.”

“नाही विचारत.”

“मीच सांगते. रक्तदाब ठीक, बाळाचं वजन ठीक, हालचाल आहे. अजून काही?”

इतका पक्का कोरा चेहरा बाईंच्या एकाही विद्यार्थिनीला जमला नव्हता.

“मागच्या वेळी मी…” बाई अडल्या. 

“चहा टाकते,” म्हणत मुलगी स्वयंपाकघराकडे वळली.

चहा झाला. शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर बोलणं झालं. निघताना चपलेत पाय घालत, खाली बघतच बाईंनी धीर केला. “बाळंतपणाला येऊ का गं मी? राहायलाच.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. ओठ जरासे हलले.

“कळवीन,” ती म्हणाली.

“बरं. थँक्यू,” बाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

दार लागल्याचा आवाज आला नाही. दुसरा मजला गेला, पहिला गेला, तरी नाही. बाई तळमजल्यावर पोचल्या तेव्हा कुठे वर कडी हलकेच सरकली. तोवर मुलगी दारातच उभी होती, हे बाईंना कळलं. ‘कळवीन काय? मी येणार म्हणजे येणार,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. जगातल्या कुठल्याही आईला ते न शिकवता येतं. बाई कठड्याला धरून बराच वेळ वर बघत राहिल्या. दुसऱ्यांदा दार वाजवायची त्यांना सवय नव्हती.