शेवटच्या पानावर जिवंत

सातोको गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या आमच्या घरी वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होतो. तिच्या मुलाने पाठवला होता : आई पहाटे झोपेतच गेली, कोविड नव्हे, हृदय. मी मेसेज वाचला, कपडे वाळत घातले, मग लॅपटॉप उघडून क्लायंटला अर्धा तास रिपोर्ट समजावून सांगितला. बायकोला, शर्वरीला, जेवताना बोललो. ती घास खाली ठेवून म्हणाली, "आणि तू हे आत्ता सांगतोयस?" काय सांगणार? फ्युनरलला दहाच माणसांना परवानगी, बाकी आम्ही सगळे लिंकवर. स्क्रीनवर काडेपेटीएवढी शवपेटी दिसत होती आणि मी, शप्पथ सांगतो, वाट बघत होतो की आता कुणीतरी 'कट' म्हणेल आणि ही बाई उठून चहा मागेल. रडू आलं नाही. आता काही आठवडे झाले... अजून आलेलं नाही.

त्याला कारण तीच. तिला मरताना मी इतक्यांदा पाहिलंय की खऱ्या मरणावर विश्वास कसा ठेवायचा? जपानात कोबेमध्ये जन्मलेली, वडिलांच्या फिरत्या नाटकमंडळीत रांगता रांगता रंगमंचावर पोचलेली ही मुलगी लोकरीच्या एका ऑस्ट्रेलियन व्यापाऱ्याशी लग्न करून मेलबर्नला आली आणि इथे पन्नास वर्षं, नाटकांत आणि टीव्हीवर, नुसती मरत राहिली. बॉम्बने मेली, विषाने मेली, नवऱ्याच्या विरहाने मेली, पोलिसांच्या मालिकेत तर पहिला शॉट सुरू व्हायच्या आधीच मेली. श्वास असा रोखायची की सेटवरच्या माश्यासुद्धा फसायच्या. एकदा म्हणे पहिल्या अंकात मेली ती तशीच झोपी गेली, आणि शेवटी प्रेक्षकांना नमस्कार करायला तिला दोघांनी उचलून उभं केलं. यातलं किती खरं, विचारू नका. मी वाढवतो तेवढंच तीही वाढवायची, म्हणून तर आमचं जमलं. एक मात्र ती न हसता सांगायची. दिग्दर्शक आधी म्हणायचे, "जरा जास्त जपानी बोल." मग म्हणायचे, "आता कळत नाहीये, जरा कमी जपानी बोल." आणि मग म्हणायचे, "त्यापेक्षा मरच."

आमची ओळख झाली कम्युनिटी सेंटरच्या अभिनयाच्या वर्कशॉपमध्ये. पुण्यात कॉलेजच्या एकांकिका गाजवलेला मी (गाजवलेला म्हणजे एकदा उत्तेजनार्थ) तिथे छत फाटेल असं स्वगत म्हटलं. ती ऐंशीला टेकलेली, हातभर उंचीची बाई शांतपणे म्हणाली, "भिंतीपलीकडच्या लोकांनी तिकीट काढलेलं नाही. त्यांना कशाला ऐकवतोस?" मी त्याच दिवशी तिचा शिष्य झालो.

मग मी एक नाटुकलं लिहिलं. एक आजी, तिचा मुलगा, सून आणि घर विकायला आलेला एजंट. तिघं तासभर भांडतात, आजीला कुठे ठेवायचं ते ठरवतात, आणि शेवटी आजी तिघांनाही बाहेर काढते, दार लावते आणि एकटीच वरणभात जेवायला बसते. बस्स. इंग्रजी भाषांतर तिच्या हातात दिलं तर तिने आधी शेवटचं पान उघडलं. तिची पन्नास वर्षांची सवय होती ती, आपण उरतो का ते बघायची. मग ते उलटून मागे आणखी काही आहे का तेही पाहिलं.

"ही मरत नाही?"

"नाही."

"नंतर बदलणार नाहीस?"

"अगं, नाही. शेवटी तूच उरतेस. जेवतेस."

"मग मी मराठीत करणार," ती म्हणाली.

आणि केलं की! आमचे संवाद रेकॉर्ड करून घेतले, जपानी अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटवले. इथे जन्मलेल्या माझ्या लेकीला जो 'ळ' सात वर्षांत आला नाही तो हिला सात दिवसांत आला. लेक म्हणाली, "बाबा, that's not fair." हॉल ठरला, लॉकडाऊन लागला. उठला, पुन्हा ठरला, पुन्हा लागला. तिसऱ्यांदा हॉलवाल्याने फोनच उचलला नाही. सातोको म्हणाली, "मी आणखी थांबू शकेन असं मला वाटत नाही. झूमवर करू." शर्वरीने तिला फोनवर वरणभात शिकवला. चिकट जपानी तांदळाचाच केला तिने, वर ऐकवलं, "तुमच्या भातापेक्षा हाच बोटांचं ऐकतो."

रविवारी आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, प्रयोग. प्रेक्षक म्हणजे मेलबर्नभरची काही घरं आणि साताऱ्याहून माझी आई, सकाळचा चहा घेऊन बसलेली. मुलगा मी, सून शर्वरी, एजंट आमच्या शेजारचा मंदार. आणि ऐन रंगात वारा सुटला. असा वारा की पॉइंट कुकमधले कचऱ्याचे डबे टॅस्मानियाला पोचले असतील. आमच्या अख्ख्या वसाहतीची वीज गेली, मागोमाग मोबाइलचं नेटवर्क. मुलगा, सून, एजंट, तिघंही एका क्षणात गायब. रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर, तेही तिथेच तुटलं. आम्हा चौघांत वीज फक्त तिच्याकडे, पलीकडच्या अल्टोना उपनगरात होती. मी अंधारात बसून एवढाच विचार करत होतो : शेवटचं पान राहिलं.

नेटवर्क आल्यावर पहिला फोन तिला केला. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "कशाबद्दल? नाटक झालं."

"कसं झालं? आम्ही नव्हतो!"

"तुमचं मी बोलले. सगळ्यांचं पाठ होतं. तुझं जरा हळू बोलले. तू फार ओरडतोस."

हॉल उघडला की पुन्हा करायचं ठरलं होतं. म्हणजे आमच्याकडून ठरलं होतं. ती नुसती "हं" म्हणाली होती.

आता गंमत बघा. जगातल्या कुठल्याही गोष्टीचं मी तिखटमीठ लावून वर्णन करतो, न पाहिलेल्या गोष्टींचं तर जास्तच. पण सातोको न मरता शेवटपर्यंत पोचली, ते मी पाहिलेलं नाही, आणि त्याला तिखटमीठ लावायला माझा हात धजत नाही. म्हणून रविवार आला की आईला फोन लावतो.

"आई, ते शेवटचं सांग ना."

"अरे, किती वेळा? त्या बाईंनी दार लावलं. ताट घेतलं. भात कालवला, अगदी आपल्यासारखा. सावकाश जेवल्या."

"मग?"

"मग काय... ताट बाजूला सारलं आणि आमच्याकडे बघत बसल्या. पडदा पाडायला तुम्ही कुणी नव्हतात ना."

"आणि तुम्ही?"

"आम्हीही बसलो. माझा चहा निवला. त्या समोर बसलेल्या असताना आपण उठायचं कसं?"