डाव्या हाताची नाडी

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार, सकाळी नऊ. व्याही हट्ट्याहून माझ्या मुलीला घेऊन जवळा बाजारला आमच्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"पावणं, तुमचं लेकरू सांभाळा. हिला नाडीच न्हाई. वैद्यानं दोनदा पाहिलं. बाहेरचं हाय हे."

"नाडी नसलेलं माणूस जीपमधून उतरून चालत येत नाही," मी म्हणालो.

तिला कित्येक महिने बारीक ताप होता. घागर उचलली की डावा हात भरून येई, उभी राहिली की अंधारी येई. सासरी या सगळ्याला कामचुकारपणा म्हणत.

मी तिला नांदेडला नेले. माझे कसे चुकते ते पाहायला व्याहीही सोबत आले.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही दंडांना पट्टा बांधून रक्तदाब मोजला. डावीकडे तो जेमतेम लागला. उजवीकडे भलताच चढलेला निघाला.

"उजवा हात कोणीच पाहिला नाही?"

"बाईचा डावाच पाहतेत, म्याडम. रीत हाय."

"मग तुमच्या रितीला अर्धीच बाई दिसली."

रक्त तपासले, छातीचा फोटो काढून क्षय नसल्याची खात्री केली, मग स्कॅन. दुपारी निदान कळले. हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या भिंतीला सूज होती आणि डाव्या हाताकडे जाणारी तिची शाखा आवळली होती. आणखी उशीर झाला असता तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटला असता. स्टेरॉईड आणि रक्तदाबाच्या गोळ्या मिळाल्या. आजची जेवणानंतर, उद्यापासून सकाळी. मनाने एक दिवसही बंद करायची नाही.

परतताना व्याही म्हणाले, "अमावस्येला उतरवून घेऊ. तवर गोळ्या थांबवा. दोन इलाज एकमेकाला बाधतेत."

"अमावस्येला ती माझ्याकडेच राहील."

"काहून एवढा ताठा? पोरगी तुमची असंल, सून आमची हाय."

"जगली तर सून."

"तुमचा जावई न्यायला येईल."

"येऊ द्या. गोळ्यांच्या वेळा पाठ करून येऊ द्या."

जवळा बाजारला आम्ही उतरलो. त्यांना चहा विचारला नाही.

घरात मुलगी म्हणाली, "आबा, मी सोंग करत नव्हते."

"माहीत आहे."

मिठाविना वरण केले, त्यात भाकरी कुस्करून तिच्यापुढे ठेवली. तिने गोळी गिळलेली पाहिली आणि दाराला आतून अडसर घातला.