अर्ध्यात तोडून पाहणाऱ्या काकू

“थांब गा, आधी अर्ध्यात तोडून पाहू,” असं म्हणून काकू दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवत आणि कॉम्प्युटरकडे नुसतं बघत बसत. बिघाड कसलाही असो, सुरुवात हीच.

बेसाच्या कॉलनीत त्या माझ्या शेजारी राहत. तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. लाइन मेली की मधोमध तपासायची; इकडचा अर्धा भाग चांगला निघाला, तर दोष तिकडच्या अर्ध्यात. निवृत्तीनंतर हीच रीत त्यांनी कॉलनीतल्या मुक्या कॉम्प्युटरांना लावली. आवाज गेला की सगळी बटणं एकदम दाबणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. मी त्यातलाच. “दाबून दाबून त्याले रडवशील,” त्या म्हणत, आणि प्लेयरचा आवाज मीच शून्यावर नेऊन ठेवलाय हे दाखवत. वर चहा माझ्याच घरचा पीत.

त्यांची खरी परीक्षा झाली ती समोरच्या मास्तरांच्या नीताच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला.

खाप्याच्या शाळेत मास्तरांचा आवाज शेवटच्या बाकालाही झोपू देत नसे. मग घशाचं ऑपरेशन ठरलं. नंतर बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मास्तरांनी आधीच सदर भागातल्या एका स्टुडिओत जाऊन, लेकीच्या साक्षगंधात लावायला, पाहुण्यांचं स्वागत रेकॉर्ड करून ठेवलं. माणूस हौशी. “सिनेमासारखं करा,” म्हणाले.

हॉल भरला. पडद्यावर मास्तर दिसले, सनई वाजली, त्यांचे ओठ हलले, पण शब्द एकही ऐकू येईना. साउंडवाल्यानं आवाज वाढवला, तर सनईच तेवढी कानठळ्या बसवू लागली. “राहू द्या ना,” वराकडचं कोणीतरी म्हणालं. मास्तर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मला ते बघवेना. मागे स्वयंपाकात वडाभाताच्या तयारीत असलेल्या काकूंना मी तसंच ओढून आणलं.

“काहून रडून राहिली वं नीता? घरी वाजलं होतं ना?”

“हो काकू, कालच ऐकलं.”

“मंग फाइल चांगली. अर्धं काम झालं.” मग साउंडवाल्याला म्हणाल्या, “दुसरं गाणं लाव.” गाणारीचा आवाज खणखणीत आला. “स्पीकर, वायर चांगले. आता भांडण राहिलं या फाइलचं अन् या प्लेयरचं.”

त्यांनी प्लेयरचा आवाजाचा मेनू उघडला.

“स्पीकर किती लावले गा?”

“दोन.”

“अन् याले सहा काहून सांगितले?”

“मोठा कार्यक्रम आहे, म्हटलं घुमला पाहिजे.”

“अरे, सिनेमासारखं म्हणून स्टुडिओवाल्यानं मास्तरांचं बोलणं मधल्या स्पीकरसाठी ठेवलं. तुह्याकडे मधला स्पीकरच नाही. ते तिकडं भिंतीशी बोलून राहिले.”

त्यांनी सहाच्या जागी दोन निवडले आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

“या मंडळी, बसा.” मास्तरांचा आवाज हॉलभर पसरला. “नीता आता तुमची. मोठ्यानं बोलते, माझ्यावर गेली आहे. तिले हळू बोल म्हणू नका.”

व्याही आपल्या जागेवरून म्हणाले, “नाही म्हणणार, मास्तर.” माझ्यासकट निम्मा हॉल डोळे पुसत होता.

मास्तर उठले. सरळ कॉम्प्युटरपाशी गेले, काकूंचा हात धरून त्यांना स्टेजवर घेऊन आले. बोलायला आवाज नव्हता, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच उभं राहून वाजवल्या. काकूंनी उभ्या जन्मात किती लोकांचे आवाज जोडून दिले असतील, पण त्यांचं तोंड त्यातल्या कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळे त्यांच्याकडेच बघत होते, आणि आपण कुठे बघावं हे त्यांना कळत नव्हतं.

काकू गेल्या त्याला आता वर्ष होईल. मला त्या अजून तशाच दिसतात: हाताला हळद, चष्मा कपाळावर, आणि अख्खा हॉल त्यांच्यासाठी उभा.